पांढराशुभ्र आणि पांढराफटक : अमूर्त चित्रापुढे उभं राहताना

सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी आली, वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र लिलावात सुमारे ६७ कोटी रुपयांना गेलं. नागपुरात जन्मलेला, गिरगावच्या चाळीत वाढलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा चित्रकार. मी नाशिकमध्ये दर रविवारी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी ती बातमी फोटोसकट टाकली, आणि एका मुलीच्या वडिलांनी लगेच विचारलं, "मॅडम, पण यात आहे काय?"

त्यांनी टिंगल केली नव्हती. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. फोटोत माणूस नाही, झाड नाही, घर नाही, आणि तरी जग त्यासाठी एवढं वेडं होतंय, म्हणजे आपल्यालाच काहीतरी दिसत नाहीये, असं त्यांना वाटलं. मी ग्रुपवर दोन ओळींचं उत्तर दिलं आणि ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून आता जरा ऐसपैस लिहिते.

अमूर्त म्हणजे नेमकं काय?

आपल्या नाशिकला चित्र म्हणजे काय हे गोदाघाटाने शिकवलंय. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांत हा घाट किती वेळा उतरला! आजही सकाळी रामकुंडाच्या आसपास पायऱ्यांवर मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली मुलं दिसतात. देवळाचं शिखर, धुणं, पाण्यात हललेलं प्रतिबिंब. अशा चित्राला मूर्त म्हणायचं. ते पाहताना आपल्या हातात एक माप असतं : घाट घाटासारखा वाटतो का?

आता समजा, चित्रकाराने माणसं गाळली. मग पायऱ्यांच्या नुसत्या आडव्या पट्ट्या ठेवल्या, शिखराचा एक त्रिकोण ठेवला. घाट अजून ओळखू येतो, पण अंधुक. पुढे त्याने त्रिकोणही काढून टाकला आणि सकाळी सहाच्या सुमाराला पाण्यावर असतो तो करडा-गुलाबी रंगच फक्त उरला. ओळखायला काही राहिलं नाही, पण सकाळ राहिली. हे अमूर्त.

एक पाऊल आणखी पुढे टाकणारेही आहेत. ते घाटापासून सुरुवातच करत नाहीत. त्यांच्या चित्रामागे कुठलीच वस्तू नसते, थेट रंग आणि आकारच असतात. गायतोंडे यातले. आपल्या कामाला कुणी अमूर्त म्हटलेलं त्यांना रुचत नसे, वस्तुनिरपेक्ष हा शब्द ते पसंत करत. या लेखात मात्र मी दोन्हींना अमूर्तच म्हणणार आहे, कारण पाहणाऱ्याची अडचण दोन्हीकडे एकच असते.

ती अडचण कुणाकुणाला आली होती पाहा. १८९६ साली मॉस्कोतल्या एका प्रदर्शनात वासिली कांदिन्स्की हा तिशीला टेकलेला, कायद्याचा अभ्यास केलेला माणूस फ्रेंच चित्रकार मोने यांच्या एका चित्रापुढे थबकला. ते गवताच्या गंजीचं चित्र आहे हे त्याला कॅटलॉग वाचेपर्यंत ओळखताच आलं नाही. आधी तो वैतागला. पण मग त्याच्या लक्षात आलं की काय आहे ते न कळताही चित्राने आपल्याला धरून ठेवलंय, आणि घरी गेल्यावरही ते डोळ्यांसमोरून हलत नाहीये. त्याच वर्षी तो कायद्याचं सगळं सोडून चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. अमूर्त चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या नावांत पुढे त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. त्याची सुरुवातही "हे काय आहे?" याच प्रश्नापासून झाली होती.

रंगाला भावना असते हे मराठी केव्हापासून जाणते

मुलांना मी पहिल्याच दिवशी एक खेळ देते. फळ्यावर लिहिते : पांढराशुभ्र, पांढराफटक. मग विचारते, यातला रंग कोणता वेगळा आहे?

रंगाच्या डबीत पाहिलं तर दोन्ही पांढरेच. पण धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र असतं, आणि वाईट बातमी ऐकलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो. उलट करून बघा, "त्याचा चेहरा पांढराशुभ्र पडला". कानाला खटकतं. डोळे काळेभोर, अंधार काळाकुट्ट. शेत हिरवंगार, पण आजारी माणसाच्या कातडीवर हिरवट झाक. झेंडू पिवळाधमक, जुना कागद पिवळट. ओठ लालचुटुक, साडी लालभडक, संतापलेला चेहरा लालबुंद.

आपल्या भाषेत रंग सहसा एकटा येतच नाही, सोबत मनाची अवस्था घेऊन येतो. मैफल रंगते किंवा तिचा बेरंग होतो. हे शब्द आपल्याला कुणी शिकवले नाहीत, आजीच्या बोलण्यातून आले. अमूर्त चित्रकार रंगाच्या डबीतून जे शोधत असतो ते हेच "फटक" आणि "शुभ्र" यांच्यामधलं अंतर. ते त्याला चेहरा न काढता, धोतर न काढता दाखवायचं असतं. चेहरा काढला की आपण लगेच विचारतो, हा कोण, याला काय झालं? न काढला, तर ते पांढरेपण थेट आपल्यापर्यंत येतं.

मग लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, असंच ना?

नाही. आणि इथेच बहुतेकांची गाडी घसरते, कारण इंटरनेटवर असे तक्ते ढिगाने मिळतात. रंगांचा शब्दकोश बनवण्याचा मोह मोठमोठ्यांना झाला आहे. १९२३ च्या सुमारास कांदिन्स्की जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता. तिथे त्याने एक प्रश्नावली फिरवली : त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांना पिवळा, लाल, निळा यांपैकी कुठला रंग जातो? त्याचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं : त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, वर्तुळ निळं. शाळेतल्या बऱ्याच जणांनी तसंच सांगितलं. पण पुढे इतरांनी वेगळ्या लोकांवर हीच चाचणी घेतली तेव्हा उत्तरं तशी जुळली नाहीत.

रंगांचे अर्थ गावागणिक बदलतात, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. काळा अशुभ मानणाऱ्यांच्या याच गावात काळारामापुढे हात जोडले जातात आणि संक्रांतीला हौसेने काळी चंद्रकळा नेसली जाते.

मग रंग भावना पोहोचवतो कसा? मला गाण्याचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. (पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम काढला, त्या गावात राहून गाण्याचं उदाहरण देताना मला आधार वाटतो.) कोमल ऋषभ हा एक सूर घ्या. भैरव रागात तो आहे, मारवा रागातही आहे. भैरव पहाटेचा, गंभीर. मारवा संध्याकाळचा, कातर, बेचैन करणारा. सूर तोच, पण शेजारी वेगळे, त्याच्यावर थांबण्याची रीत वेगळी. एकट्या कोमल ऋषभाचा अर्थ काय, असं कुणी गवयाला विचारत नाही. आणि आलापात शब्द नसतात म्हणून कुणी मैफलीतून उठूनही जात नाही.

रंगाचंही असंच, तो शेजाऱ्यांमुळे बोलतो. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याची धूपछाव पैठणी हातात घेऊन बघा. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. पदर हलला की तिसराच रंग चमकून जातो, आणि तो रंग कुठल्याच धाग्यात नसतो.

या शेजाराचा पहिला पद्धतशीर अभ्यासही विणकामातूनच आला. पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ. तक्रार आली की तिथला काळा रंग कच्चा आहे, फिका दिसतो. त्याने काळा तपासला, तर रंग पक्का निघाला. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा, त्यांच्यामुळे काळा मलूल दिसत होता. त्यातून त्याने १८३९ साली रंगांच्या परस्परपरिणामावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे कित्येक चित्रकारांनी तो वाचला.

घरी करून पाहण्यासारखं आहे. एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापा. एक पिवळ्याधमक कार्डशीटवर ठेवा, एक काळ्यावर. काळ्यावरचा उजळ वाटेल. पिवळ्यावरचा गडद होईल आणि त्याच्यावर किंचित जांभळी झाक चढेल. वर्गातली मुलं दर वेळी म्हणतात, "मॅडम, तुम्ही कागद बदलला." मग मी दोन्ही चौकोन उचलून एकमेकांवर ठेवून दाखवते.

आकाराला कसली आली भावना?

कागदावर दोन आकृत्या काढा. एक ढगासारखी गोलगोल, दुसरी फुटलेल्या काचेसारखी टोकदार. यातली "बुबा" कोणती आणि "किकी" कोणती? तुम्ही उत्तर देऊन मोकळेही झाला असाल. वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये अशाच निरर्थक शब्दांनी हे पाहिलं. २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी बुबा-किकी हे शब्द घेऊन ते पुन्हा मांडलं. अलीकडे २५ भाषा बोलणाऱ्या लोकांवर हा प्रयोग झाला आणि सरासरी दहांतल्या सुमारे सात जणांनी गोल आकाराला बुबा म्हटलं. दहांतल्या दहांनी नव्हे, हेही लक्षात ठेवा. पण ज्या आकाराला काहीच अर्थ नाही, त्याच्याबद्दल भाषा-प्रांत ओलांडून एवढं एकमत व्हावं, हे मला विलक्षण वाटतं.

रेघांचंही असंच आहे, आणि त्याचं कारण फार लांब शोधायला नको. आपण थकलो की आडवे होतो, म्हणून आडवी रेघ विसावलेली वाटते. उभं राहायला जोर लागतो. तिरकी रेघ म्हणजे पडता पडता थांबलेली वस्तू, तिच्याकडे बघताना आपण नकळत सावध होतो. बोलताना आपण हेच वापरतो : माणूस सरळ आहे, तिरकस बोलतो, ताठ आहे.

वर्गात एकदा सातवी-आठवीच्या मुलांना कागद दिले आणि सांगितलं, वस्तू काढायची नाही, चेहरा नाही, इमोजी तर मुळीच नाही. नुसत्या रेघा आणि ठिपके. विषय दोन : "कंटाळा" आणि "वाट बघणं". एका मुलाने कंटाळ्यासाठी पट्टी न घेता एकाखाली एक आडव्या रेघा ओढायला सुरुवात केली. सगळ्या सारख्या. साधारण अर्ध्या पानावर त्याचं स्केचपेन सुकलं. त्याने दुसरं पेन घेतलं नाही, त्याच सुकल्या पेनाने पान पुरं केलं. खालच्या रेघा म्हणजे कागदावर नुसते ओरखडे उरले होते. मी ते पान प्रकाशात तिरपं धरून पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या मुलीने "वाट बघणं" म्हणून पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, एक छोटा ठिपका दिला आणि बाकी सगळं पान कोरं ठेवलं. आधी वाटलं, टाळाटाळ केली. मग तो ठिपका पानाच्या मधोमध असता तर काय झालं असतं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मग तो आलाय असं वाटलं असतं."

त्या पोरीला मी अजून चित्रकार सय्यद हैदर रझांची बिंदूची चित्रं दाखवली नव्हती. नंतर दाखवली, तर ती बराच वेळ बघत बसली. रझांचा तो मोठा काळा गोल मधोमध ठाण मांडून असतो, तो कुणाची वाट बघत नाही.

चित्रं इतकी मोठी का असतात?

याचं उत्तर मला रंगपंचमीला मिळालं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते : जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला मोठा हौद. वर्षभर तो झाकलेला असतो, वरून वाहतूक चालते. रंगपंचमीला तो उघडतात, पूजा होते, पाण्यात रंग कालवतात आणि लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे उंचावरून दाणकन उडी. प्रत्येक रहाडीचा रंग परंपरेने ठरलेला.

लांबून पाहिलं तर ते हौदातलं रंगीत पाणी. पण पाण्यात शिरल्यावर डोळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत दुसरं काही नसतंच. तो रंग कशाचा आहे, असं त्या क्षणी कुणाच्या मनात येत नाही.

अमेरिकन चित्रकार मार्क रोथको (१९०३ ते १९७०) याला हेच करायचं होतं. त्याच्या प्रसिद्ध चित्रांत एकावर एक दोन-तीन मोठे आयत असतात, कडा धुरकट, रंगाचे पातळ थर आतून उजळल्यासारखे. माणसाहूनही उंच कॅनव्हास, आणि पाहणाऱ्याने जवळजवळ दीड फुटावर उभं राहावं अशी त्याची इच्छा. आपल्याला रंगांच्या जुळणीशी कर्तव्य नाही, माणसाच्या मूळ भावनांशी आहे, असं तो सांगत असे. त्याच्या चित्रांपुढे लोक रडल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. ते मोबाइलच्या पडद्यावर बघून कसं होणार? रहाडीचा फोटो बघून कुणी भिजतं का? म्हणून ग्रुपवरच्या त्या फोटोवरून गायतोंड्यांचा निकाल लावू नका, एवढीच माझी विनंती होती.

"हे तर माझा मुलगाही काढेल"

यावर चिडणारे चित्रकार मला पटत नाहीत. शंका रास्त आहे आणि ती तपासून पाहिली गेली आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या दोन संशोधकांनी नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांनी किंवा प्राण्यांनी रंगवलेली चित्रं जोडीजोडीने लोकांपुढे ठेवली. चित्रकलेचं शिक्षण नसलेल्यांनीही दहांतल्या सहा-सात वेळा चित्रकाराचंच चित्र उचललं, काही वेळा तर खालच्या नावांची मुद्दाम अदलाबदल केलेली असतानाही. म्हणजे साध्या डोळ्याला फरक जाणवतो. तीन-चार वेळा चूक होते, तीही खरीच.

मुलाच्या चित्रात ताजेपणा असतो, पण त्याला थांबायचं कुठे हे ठाऊक नसतं. त्याच्या हातून कागद ओढून घ्यावा लागतो, हे प्रत्येक बालवाडीच्या बाईंना माहीत आहे. गायतोंडे दिवसेंदिवस कोऱ्या कॅनव्हासपुढे बसत. मग रोलरने आणि पॅलेट नाईफने रंगाचे पातळ थर चढवायचे, काही खरवडून काढायचे, फाटक्या कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचा, पुन्हा थर. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत. मुंबईला त्यांचं एक चित्र मी अगदी जवळून पाहिलं, तेव्हा वरच्या थरातून खालचा थर असा दिसत होता, जसा संथ पाण्यातून तळाचा दगड दिसतो. वरचा रंग कुठे आणि किती पुसायचा याचा निर्णय त्या पृष्ठभागावर तळहाताएवढ्या प्रत्येक जागी घेतलेला होता.

वाईट अमूर्त चित्रं असतात का? भरपूर असतात. माझी एक साधी परीक्षा आहे. चित्रातला एखादा कोपरा हाताने झाका. काहीच बिघडलं नाही, तर तो कोपरा उगाच होता. चांगल्या चित्रात हात ठेवताच सगळं एका बाजूला कलतं.

"उलटं टांगलं तरी कुणाला कळत नाही"

हे खरंच घडलंय. मोंद्रियान या डच चित्रकाराचं रंगीत चिकटपट्ट्यांचं १९४१ सालचं एक काम जर्मनीत कित्येक दशकं उलटं टांगलेलं असावं, असं तिथल्याच संग्रहालयाने २०२२ मध्ये सांगितलं. पट्ट्या सैल झाल्यात, आता फिरवलं तर तुटतील, म्हणून ते तसंच ठेवायचं ठरलं.

यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण एक गोष्ट बोलकी आहे. पट्ट्यांची दाटी उलट्या स्थितीत खाली होती, खरं तर ती वर हवी. दाटी खाली असली की जमिनीसारखी वाटते, वर असली की भरून आलेल्या आभाळासारखी. दोन्ही चित्रं उभी राहतात, पण मनावर येणारं वजन वेगळं. चित्र फिरवल्यावर भावना बदलते, म्हणजेच आकार काहीतरी करत असतात.

"ज्याला जे वाटेल ते, मग चित्रकाराने काय सांगितलं?"

नाशिकची मिसळ खाऊन कुणी म्हणेल झणझणीत, कुणी म्हणेल जहाल, कुणाला कॉलेजचे दिवस आठवतील. गोड कुणी म्हणणार नाही. रस्सा किती तिखट होईल ते करणाऱ्याने ठरवलेलं असतं, आठवण खाणाऱ्याची असते. चित्रकारही तेवढंच ठरवतो.

आणि ६७ कोटी? ते बाजाराचं गणित आहे : चित्रकार २००१ मध्ये गेला, त्याची चित्रं थोडी, घेणारे श्रीमंत आणि पुष्कळ. त्या आकड्याने चित्र चांगलं होत नाही आणि वाईटही होत नाही. आकडा डोक्यात ठेवून चित्राकडे बघणं मात्र फार अवघड जातं.

पाहायचं कसं?

पुढे कधी गंगापूर रोडला एखादं प्रदर्शन लागलं तर एकच चित्र निवडा. खालची चिठ्ठी आधी वाचू नका. तीन मिनिटं उभे राहा, घड्याळ लावून. नजर आधी कुठे जाते, मग कुठे अडकते, कुठे थांबावंसं वाटत नाही, एवढंच बघा. जवळ जा, मागे या. शरीराला काय होतंय ते बघा : खांदे आखडतात की सैल पडतात?

ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या त्या वडिलांना मी आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात असंच एका चित्रापुढे उभं केलं. साडेतीन फुटी कॅनव्हास, खाली दाट तांबडा, वर जाता जाता गेरूचा आणि जवळजवळ पांढरा पडत गेलेला पिवळा. आकार एकच, कडेला चिकटलेला एक राखाडी उभा पट्टा. पहिलं मिनिट ते माझ्याकडेच बघत होते, उत्तर मिळेल म्हणून. मग चित्राकडे बघायला लागले. मग दोन पावलं उजवीकडे सरकले, त्या राखाडी पट्ट्यासमोर, आणि तिथेच उभे राहिले.

मी विचारलं, "तिकडे का गेलात?"

ते म्हणाले, "माहीत नाही. आधी उभा होतो तिथे उकडत होतं."

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता, त्यांच्या अंगात स्वेटर होता.